मागून कुणीतरी मारलं

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मी नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली होती. चिऱ्याच्या गडग्यावरून उडी मारताना पाय मोडलेले एक काका आले. घोटा टम्म सुजलेला. एक्स-रेत आतल्या घोट्याचं हाड उभं चिरलेलं दिसत होतं. "मागून कुणी दांडा हाणला असं वाटलं, डॉक्टर. वळून बघितलं तर कोण नाय," काका म्हणाले. मी मान हलवली आणि फिल्म पुन्हा उजेडाकडे धरली.

सूज ओसरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत थांबलो, मग दोन स्क्रू बसवले. हाड सुरेख जुळलं. पण प्लॅस्टर काढल्यावर आठवडे लोटले तरी काकांना चवड्यावर उभं राहता येईना. टाचेच्या वर बोट फिरवलं तर खळगा लागला. टाचेची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, पहिल्याच दिवशी तुटली होती. पुन्हा ऑपरेशन केलं तेव्हा तिची टोकं भिजून पिंजलेल्या काथ्यासारखी झाली होती, आणि एकमेकांपासून तीन बोटं लांब. अंगठ्याचं टेंडन वळवून ती उणीव भरावी लागली.

पहिल्या दिवशी मी त्यांना पाऊल खाली दाबायला सांगितलं होतं, आणि त्यांनी ते दाबलंही होतं. बोटांकडे जाणारी खोलातली टेंडनं तेवढं काम निभावून नेतात. तिथेच मी फसलो. खरी परीक्षा वेगळी आहे: रुग्णाला पालथं झोपवून, पाऊल टेबलाच्या कडेबाहेर ठेवून पोटरी दाबायची. शीर शाबूत असेल तर पाऊल आपोआप खाली झुकतं. सिमंड्सने १९५७ मध्ये आणि थॉम्प्सनने १९६२ मध्ये लिहून ठेवलेली ही तपासणी अर्ध्या मिनिटाची. मोडलेल्या घोट्यावरही हलक्या हाताने, दुसऱ्या पायाशी ताडून ती करता येते.

आता मी बाहेरच्या घोट्याच्या कडेला हाडाची बारीक टवकी उडालेली दिसली तरी थबकतो. तिथल्या टेंडनांना जागेवर धरणारा पट्टा निसटलेला असू शकतो. हाड बसवताना आतली बाजू उघडलेली असेल, तर तिथून जाणारं टेंडनही डोळ्यांनी पाहून घेतो. शंका उरलीच तर सोनोग्राफी किंवा एमआरआय.

तुमचा पाय कधी असा मोडला, तर पडताना काय जाणवलं ते डॉक्टरांना शब्दन् शब्द सांगा. त्यांचं लक्ष एक्स-रेत असेल, तर पुन्हा सांगा.