सावलीहून ताडोबाला

सावलीहून ताडोबाला निघायचं म्हणजे पहाटेची एसटी, आईने बांधलेल्या पोळ्या आणि चंद्रपुरात मामांची जीप. मूल गाव सोडलं की केळझर, अजयपूर, चिचपल्ली असा सगळा रस्ता सागवान-बांबूतूनच जातो. तरी आई दटावायची, "जंगल यायचंय अजून, झोपा." तिच्या लेखी जंगल मोहर्लीच्या गेटच्या आत सुरू व्हायचं.

गेटच्या आत मात्र बाबांना कंठ फुटायचा. चंद्रपूरच्या वाटेवरचे दगडी खांब ते हटकून दाखवत. लोक ते गोंड राजांच्या काळातले मानतात. तलावाकाठच्या झाडाखाली तारूचं ठाणं. तारू हा गावाचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, त्याच्यावरूनच ताडोबा, अशी गोंडांची कथा. पौषात तिथे त्याची जत्रा भरे. वाघाने मारलेल्या माणसाच्या नावाने वाघांचं रान ओळखलं जावं, याचं मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. मी चितळं मोजत होतो.

इथे शिकारबंदी झाली 1935 साली. राष्ट्रीय उद्यान झालं 1955 मध्ये, महाराष्ट्रातलं पहिलं, 116.55 चौरस किलोमीटरचं. शेजारचं अंधारी अभयारण्य 1986 चं. पुढे दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला.

शिकारबंदीनंतरच्याच वर्षी आमच्या सावलीत गांधी सेवा संघाचं अधिवेशन भरलं. 1936 च्या फेब्रुवारीअखेरीस गांधीजी आले, मार्चच्या पहिल्या आठवड्यात इथे राहिले. गांधीवाद नावाचं काही नाही, सत्य-अहिंसा डोंगरांइतकी जुनी आहे, हे त्यांनी इथेच सांगितलं. गावात हे अभिमानाने सांगतात. मला त्यातले डोंगर जास्त आवडतात.

माझं जंगलप्रेम त्या जीपमधलंच, पाहुण्याचं. धानाच्या बांध्यांपलीकडे मार्च-एप्रिलच्या अंधारात मोह वेचायला जाणाऱ्या बायांचं जंगल निराळं. मोह वाकून वेचावा लागतो आणि वाकलेल्या माणसावर वाघ झडप घालतो. असे जीव सावली तालुक्यात गेलेत. त्या घरांत बसून निसर्गप्रेमावर बोलायला माझी जीभ धजत नाही. तरी दरवर्षी मी ताडोबाला जातोच.

वाघ वाढले आणि व्याघ्रप्रकल्पाचा गाभा (कोअर) आणि भोवतालचा पट्टा (बफर) यांच्या रेषा ओलांडून पसरले. पर्यटनाच्या पैशातला काही वाटा बफरमधल्या गावांना मिळतो. मूल आणि सिंदेवाही तालुक्यांतली काही गावं बफरमध्ये आहेत. सावलीकडची गावं त्या रेषेच्या बाहेर, त्यांच्या वाट्याला नुसता वाघ.