सिनेमात कट असतो!

रात्रीचे अकरा पस्तीस. त्याची सेकंड शिफ्ट अकराला सुटते. गेटबाहेर येऊन फोन चालू करेपर्यंत अकरा वीस. म्हणजे पंधरा मिनिटं जास्त झालीत आणि माझ्या मेसेजपुढे अजून एकच टिक! पालघरच्या माझ्या खोलीत लॅपटॉपवर 'छोटी सी बात' चालू आहे. अमोल पालेकर बस स्टॉपवर विद्या सिन्हाच्या मागे उभा आहे, पण मला एक वाक्य ऐकू येत नाहीये. छाती धडधडतेय, तळहात गार पडलेत आणि डोक्यात वेगळाच सिनेमा सुरू झालाय. त्यात सायरन आहे, धूर आहे, अ‍ॅम्ब्युलन्स आहे आणि पांढऱ्या साडीतली मी आहे.

आमचं लग्न झालेलं नाही. माझ्याकडे पांढरी साडीही नाही. पण हिंदी सिनेमावर वाढलेल्या मुलीच्या भीतीलाही कपडे हिंदी सिनेमाचेच मिळतात, काय करणार!

ही गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. त्याआधी थोडं आमच्याबद्दल. एप्रिल २०१३ मध्ये विरारची लोकल डहाणूपर्यंत धावायला लागली, तेव्हा मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसले होते. आईबाबा म्हणाले, चला, आता कॉलेज सोपं झालं. मी मनात म्हटलं, थिएटर सोपं झालं! पुढची पाच-सहा वर्षं मी पास कॉलेजचा काढला आणि वापरला विरार-बोरिवलीच्या मॉर्निंग शोसाठी. पोटापाण्यासाठी मास कम्युनिकेशन केलं. आता फ्रीलान्स लिहिते, म्हणजे महिन्याचे काही दिवस लिहिते आणि उरलेले दिवस चेकची वाट बघते.

तो बोईसरला भाड्याने राहतो. तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत प्रॉडक्शन केमिस्ट आहे. ओळख झाली ती लोकलमध्येच. लेडीज डबा चुकला म्हणून जनरलमध्ये चढले आणि त्याने सरकून खिडकीशी उभं राहायला जागा दिली. बस्स. १९७९ च्या 'बातों बातों में'मध्ये बासू चॅटर्जींनी लोकलच्या डब्यात प्रेम जमवलं, पण तिथे पालेकर आणि टीना मुनीमला निवांत बसायला मिळतं हो! आमचं विरारपर्यंत उभ्याने जमलं.

तर प्रॉब्लेम असा की, मला प्रेम करायला सिनेमाने शिकवलं आणि सिनेमाने एक गोष्ट कधी शिकवलीच नाही. ती म्हणजे मधला वेळ. पडद्यावर हिरॉईन फोन ठेवते, खिडकीतून पाऊस बघते... कट! पुढच्या सीनमध्ये तो दारात हजर. त्या दोन सीन्सच्या मध्ये ती चार तास काय करत होती, हे कुणी दाखवत नाही. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसावर प्रेम करणं म्हणजे त्या कापून टाकलेल्या चार तासांत राहणं.

माझ्या भीतीला कारण नाही असंही नाही. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्फोट झाला. तेव्हा मी ट्रेनी होते, आणि याला ओळखतही नव्हते. रात्री बातमी केली. दुसऱ्या दिवशी मृतांचा आकडा आठवर गेला, मी आकडा दुरुस्त केला आणि चहा प्यायला गेले. खरंच गेले. आता त्याच्या फोनपुढे एक टिक राहिली की, तो 'आठ' मला आठवतो. त्या आठ जणांच्या घरीही कुणीतरी अकरा पस्तीसला फोनकडे बघत बसलं असेल, हे सुचायला मला प्रेमात पडावं लागलं, याची लाज वाटते.

त्या रात्री बारा दहाला त्याचा फोन आला. ''अगं, रिलीव्हरच उशिरा आला. चार्ज दिल्याशिवाय प्लांट सोडता येतो का?'' मी रडले, मग भांडले. फोन का बंद ठेवतोस, एक मेसेज करायला काय होतं, वगैरे वगैरे. तो शांतपणे म्हणाला, ''फोन लॉकरमध्ये असतो. आत सॉल्व्हंटची वाफ असते. साधा मोबाईल न्यायचा नसतो, ठिणगीचा धोका असतो.''

दोन वर्षांत मी हे विचारलंच नव्हतं! तो फोन उचलत नाही म्हणजे एक तर काहीतरी झालं असणार, नाहीतर तो मला टाळतोय, एवढ्याच दोन पटकथा माझ्याकडे होत्या. प्रत्यक्षात फोन लॉकरमध्ये होता... माझ्याच सुरक्षिततेसाठी नाही का म्हणा, त्याच्या!

त्यानंतर मी एका कौन्सेलरकडे गेले. मैत्रिणी म्हणाल्या, एवढ्याशा गोष्टीसाठी? पण रात्री झोप लागत नव्हती आणि लोकलमध्येही छाती भरून यायला लागली होती. (जायला जमत नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे. लिहून ठेवा.) बाईंनी वहीत दोन रकाने करायला सांगितले. एकात मला काय माहीत आहे, दुसऱ्यात मी काय बघतेय. पहिल्यात बहुतेक वेळा एकच ओळ येते, 'मेसेज पोचलेला नाही.' दुसऱ्याला पानं पुरत नाहीत.

त्याच दिवसांत 'कासव' पुन्हा पाहिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा, २०१७ मध्ये राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला. इरावती हर्षेची जानकी त्यात एका खचलेल्या मुलाला घरात जागा देते आणि त्याच्यामागे प्रश्नांचा ससेमिरा लावत नाही. ती थांबते. समुद्र, कासवाची अंडी, आणि थांबणं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो 'स्लो' वाटला होता आणि मी तसं लिहिलंही होतं. ते परीक्षण कुणाला सापडू नये.

आणि 'छोटी सी बात'? तो मला आता प्रेमापेक्षा काळजीचा सिनेमा वाटतो. १९७६ चा, पण त्यातला अरुण आपल्याच ऑफिसातला वाटेल. बोलायचं असतं एक वाक्य, आणि डोक्यात मात्र तो अख्खे सिनेमे रचतो. थिएटरात धर्मेंद्र-हेमामालिनीचं गाणं बघतानाही स्वतःला आणि प्रभाला पडद्यावर नेऊन बसवतो. मी त्याला इतकी वर्षं हसत होते!

परवा रविवारी तो पालघरला आला, तेव्हा त्यालाही दाखवायला बसवला. नाईट करून आला होता. नागेशची स्कूटर येईपर्यंत कसाबसा जागा होता, मग माझ्या खांद्यावर घोरायला लागला. मी सिनेमा थांबवला. पडद्यावर पालेकर तोंड उघडं टाकून अडकला होता, शेजारी हा तसाच. फोन त्याच्या हातातून गादीवर पडला होता, चार्जिंग दोन टक्के. उठून लावला.

अशोककुमारचा खंडाळ्याचा भाग राहिलाय. पुढच्या आठवड्यात त्याची फर्स्ट शिफ्ट आहे, तेव्हा बघू.