वाघूरकाठचा गारठा

पेपरात थंडीचा एकच आकडा येतो. जळगाव नऊ अंश, धुळे सहा अंश, खाली शेकोटीचा फोटो. गावात बसून थंडी काढणाऱ्याला तेवढं पुरतं. मी मात्र हिवाळाभर सकाळी पहूरहून फर्दापूरच्या रस्त्याला सायकल काढतो आणि त्या अठरा-वीस किलोमीटरांत थंडी इतक्यांदा बदलते, की त्या आकड्यावरचा माझा विश्वास केव्हाच उडाला आहे.

वाघूरच्या काठावर पेठ आणि कसबे अशी आमची दोन पहूरं. जळगाव–छत्रपती संभाजीनगर रस्ता इथूनच जातो, जामनेरचा आणि शेंदुर्णीचा फाटाही इथलाच. बसस्टँडजवळ पहाटेसुद्धा जाग असते. चहाच्या भट्ट्या, उभ्या गाड्यांची गरम इंजिनं आणि माणसांची गर्दी यांमुळे तिथं थंडी अशी वाटतच नाही. घरातून निघताना बायको विचारते, "स्वेटर नको?" आणि स्टँडपर्यंत तरी तो नकोच असतो. गाव सुटून दोन्ही बाजूंना शेतं आली की पहिला झटका बसतो. मग एखादा नाला येतो, रस्ता जरासा खाली उतरतो, आणि पाणी भरलेल्या हौदात पाय घालावा तसं गुडघ्यापासून खाली सगळं गार पडतं. पलीकडचा चढ चढला की पुन्हा बरं. उताराला वाटलेलं ते गार आणि चढावरचं ते बरं, यांत अंतर जेमतेम शे-दोनशे पावलांचं.

याला कारण आहे. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्रभर जमीन उष्णता सोडत राहते. जमिनीला लागलेली हवा गार आणि जड होते आणि उतार मिळेल तिकडे सरकते. वाघूर अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून लेण्यांच्या घोड्याच्या नालेसारख्या दरीतून बाहेर पडते आणि उत्तरेला तापीकडे जाते. थंड हवाही रात्री त्याच वाटेनं खाली येते, ओढ्यानाल्यांत साचून बसते. मोटारसायकलवाल्याला हे कळत नाही, कारण त्याला सगळीकडेच सारखं झोंबतं. चालणाऱ्याला कळतं, पण तो इतका लांब जात नाही. म्हणून मला वाटतं, शिवाराची थंडी खरी कळते ती सायकलवाल्याला.

आणखी एक गोष्ट मला सायकलनंच शिकवली. "पहाटे चारला थंडी जास्त, जरा उजाडल्यावर जा," असं सगळे सांगतात. पण रात्रीचा सगळ्यात खालचा पारा बहुधा सूर्य उगवण्याच्या सुमाराचा असतो. जानेवारीत आमच्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे शहाणी माणसं घराबाहेर पडतात ती नेमकी सर्वांत गार घडी गाठूनच. शिवाय कोवळं ऊन लागताच जमिनीवरची हवा हलते आणि साचलेला गारठा उठून अंगावर येतो. ऊन पाठीवर आणि काकडणं हाडांत, असा तो विचित्र अर्धा तास असतो.

वाकोद येईपर्यंत अंग तापलेलं असतं. ठिबक सिंचनवाल्या भवरलाल जैन यांचं हे जन्मगाव. इथून पुढं डोंगर स्पष्ट दिसायला लागतो. डिसेंबरात आजूबाजूला दादर ज्वारी पोटरीत आलेली, हरभरा घाट्यांवर, कपाशीच्या शेवटच्या वेचण्या, आणि ज्यांनी कापूस उपटला त्यांच्या बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग. ह्याच पऱ्हाट्या शेकोटीत जातात. पऱ्हाटीचा जाळ झटकन धरतो आणि झटकन विझतो, पण त्या दोन मिनिटांत हात शेकले जातात. गव्हाला रात्रीच्या लायटीवर पाणी भरून आलेला एखादा शेतकरी तिथं बसलेला असतो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चिखलानं माखलेले, डोक्याला मफलर. मी थांबलो की सरकून जागा देतो.

"काय भो सर, इतक्या थंडीत कोन पाठवलं तुम्हाले?"

"कोणी नाही, हौस."

"हौस!" तो जाळात काडी सरकवतो. "आमच्याकडे लाईट रात्री येते म्हनून आम्ही उठतो. तुम्हाले तर लाईटबी नाही येत."

यावर मला कधीच उत्तर सुचलेलं नाही, आणि तोही उत्तरासाठी थांबत नाही. लगेच केळीवर येतो. केळीला थंडीचं फार. पारा दहा-बाराच्या खाली गेला की वाढ थांबते, पोगा अडकतो, पानं पिवळी पडतात. हवामानावरच्या फळपीक विम्यात केळीसाठी कमी तापमानाची वेगळी अटच आहे, म्हणून जानेवारीत रावेर-यावलचा शेतकरी पाऱ्याकडे जितका डोळे लावून बसतो तितकाच आमच्या भागातला केळीवालाही. रात्री बागेला पाणी देतात, बांधावर ओलसर पालापाचोळा जाळून धूर करतात. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं, त्याची वाफ दिसते. माझ्यासारख्या रस्त्यावरच्या माणसाला त्या बागेजवळून जाताना ओलसर गारवा जास्त बोचतो आणि झाडाला मात्र त्यानंच ऊब मिळते.

आता कपड्यांबद्दल, कारण याबाबतीत लोक फार चुकीचं सांगतात. "भरपूर घाल" हा सल्ला शेकोटीपाशी बसणाऱ्यासाठी बरोबर आहे. सायकलवर भरपूर घातलं की वाकोदपर्यंत आतून घाम, आणि थांबलात की तोच घाम बर्फ. घरातून निघताना थोडं काकडायला हवं, पहिली दहा-पंधरा मिनिटं दात वाजले तर ते ठीक आहे. थंडी खरी लागते ती वाऱ्यामुळे. आठ अंशांची हवा ताशी वीस किलोमीटरच्या वेगाला अंगाला पाचेक अंशांसारखी लागते. जाताना माझं तोंड दक्षिणेला असतं. येताना, थंडीची लाट असेल तर, उत्तरेचा वारा थेट तोंडावर. तेव्हा मी छातीला शर्टाच्या आत जुना पेपर घालतो. यात माझं काही नाही. 'टूर द फ्रान्स'मधले सायकलपटू घाटमाथ्यावर प्रेक्षकांच्या हातातले पेपर घेऊन जर्सीत कोंबत आणि मग उतार उतरत. पाठ सुटली तर चालते, पोट आणि छाती गार पडली तर हातापायांना रक्त पुरत नाही.

आणि हात हीच खरी अडचण आहे. कान मफलरमध्ये जातात, नाक गळत राहतं त्याला इलाज नाही, पण बोटं हँडलवर उघडी, वाऱ्याच्या पहिल्या माऱ्याला. त्यात ब्रेकची मूठ धातूची. तासाभरानं करंगळी आणि शेजारचं बोट आपलं राहत नाही. शेकोटीशी धरली की आधी काहीच नाही, मग आतून सुया टोचाव्यात तशी कळ येते, आणि पुन्हा रक्त वाहायला लागल्याचं तेव्हाच कळतं. चाकातली हवाही थंडीत बसते. पहूरचा सायकलवाला डिसेंबर लागला की न विचारता दोन पंप जास्त मारतो आणि पैसे घेत नाही.

फिनलंडमध्ये ओउलू नावाचं शहर आहे. वर्षाचे कित्येक महिने बर्फ, तरी तिथली माणसं सायकलनं कामाला जातात. 2013 साली हिवाळी सायकलिंगवरची पहिली जागतिक परिषदही तिथंच भरली. त्याचं कारण वाचून मला हसू आलं. त्यांची माणसं काटक वगैरे आहेत म्हणून हे होत नाही. पहाटे सायकलच्या वाटेवरचं बर्फ आधी साफ होतं, इतकंच. म्हणजे थंडी तिथंही अडचण नव्हती, रस्ता होता. आमच्या रस्त्याचंही तसंच. काही वर्षं तो खोदून पडला होता, धूळ आणि खड्डे खाल्ले. आता काँक्रीट झालं, गाड्या सुसाट झाल्या. जानेवारीतल्या धुक्यात मला पारा भीती घालत नाही, बिनदिव्याची कापसाची ट्रॉली घालते.

या रस्त्यावर रोजचा खरा सायकलस्वार मी नव्हेच. तो मान शाळेतल्या पोरींना. सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकली, पुढं टोपली, मागं दप्तर, आसपासच्या वस्त्यांतून सकाळच्या वर्गासाठी पहूरला येतात. त्यांना हौस नाही, थंडी किती हेही त्या बघत नाहीत. डोक्याला स्कार्फ, अंगात शाळेचा स्वेटर, आणि हात उघडे. नवीन शिक्षक म्हणून मी एकदा वर्गात जाहीर केलं होतं, की थंडीत हातमोजे घालत चला. सगळ्या हसल्या. हातमोजे कोणाकडे असतात?

पुढच्याच आठवड्यात पुलावर तीन-चार जणी दिसल्या. दोघींच्या हातात पांढरे मोजे, पायात घालायचे, शाळेच्या गणवेशातले, जुने झालेले. अंगठ्यासाठी एका बाजूला भोक. ब्रेकवर बोटं गच्च बसलेली. मी सायकल आणखी जवळ नेली.

"हे काय गं?"

"मोजे, सर."

"ते पायातले."

"पायातले फाटले, म्हनून हातात घातले."

मला ते फार आवडलं. घरी गेल्यावर मी कपाटातून जाड लोकरीचे मोजे काढले, माझ्या महागाच्या ग्लव्हजवरून चढवले. वारा अडतो, करंगळी टिकते. फक्त ब्रेकचा अंदाज जरा चुकतो, म्हणून नाल्याच्या उताराला यायच्या आधी उजवा मोजा दातांनी ओढून खिशात टाकतो. त्यावर त्याच पोरींचं म्हणणं असं, की भोक मोठं पाडलं तर काढायला लागणार नाही. पुढच्या थंडीत ते करून बघणार आहे.