नवरीच्या कमरपट्ट्यातली कट्यार

आपल्याकडे काही घरांत नवरदेवाच्या हाती टोकाला लिंबू खोचलेली कट्यार देतात, ते तुम्ही पाहिलं असेलच. पण नवरीच्या अंगावर कट्यार? २०१९ साली माझ्या दादाचं लग्न जपानात झालं, तेव्हा मी ती पाहिली. पांढऱ्याशुभ्र किमोनोतली वहिनी, आणि तिच्या रुंद कमरपट्ट्यात खोचलेली, गोंडा लावलेली जरीची छोटी पिशवी. मला वाटलं, ओटीची सुपारी-बिपारी असेल!

ती होती ‘काइकेन’. पूर्वी सामुराई घराण्यातल्या बायका ही छोटी कट्यार अंगावर बाळगत. स्वतःच्या रक्षणासाठी, आणि वेळ आलीच तर अब्रूसाठी जीव द्यायलासुद्धा. आता पिशवीत बहुधा नुसती लाकडी नक्कल असते. वहिनीचीही तशीच होती. खरी घरी, कपाटात.

वहिनीचं माहेर गिफू प्रांतातल्या सेकी गावचं. तलवारी घडवणाऱ्या लोहारांचं हे जुनं गाव. आता तिथे स्वैपाकघरातल्या सुऱ्या आणि कात्र्या बनतात. (दोन सुऱ्या मीही आणल्या. इतकं जाऊन रिकाम्या हाती कोण येईल?) लग्नानंतर चार दिवसांनी वहिनीच्या आजींनी खरी कट्यार साफ करायला काढली आणि मला शेजारी बसवलं. कट्यारीबरोबर सरकारी नोंदणीचा कागदही होता. तो असल्याशिवाय तिथे असं पातं घरात ठेवता येत नाही. महायुद्धानंतर तर घराघरांतली शस्त्रं जमा करून घेतली होती. ही कशीबशी वाचली.

तीस सेंटिमीटरच्या आतल्या अशा पात्याला तिकडे ‘तांतो’ म्हणतात. शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा लहानच. पण त्यामागची मेहनत ऐका! लोखंडी वाळू आणि कोळसा मातीच्या भट्टीत तीन दिवस, तीन रात्री जाळून आधी पोलाद काढायचं. मग ते तापवायचं, ठोकायचं, घडी घालायची, पुन्हा ठोकायचं. आपण चिरोट्याला पदर काढतो ना, तसंच. दहा घड्यांत १०२४ पदर होतात. शाळेत मुलांना हे उदाहरण घातलं तर त्यांचा विश्वास बसेना. पुढे पात्याच्या पाठीला मातीचा जाड लेप, धारेला पातळ. लालभडक तापवून पाण्यात बुडवलं की धार झटकन निवते आणि कडक होते, पाठ मात्र चिवट राहते. दोन्हींच्या मधे ढगासारखी पांढुरकी रेघ उमटते. कधी त्या पाण्यातच पातं तडकतं आणि सगळे कष्ट वाया. पाणी-दगडाने उजळणारा कारागीर निराळा, म्यान करणारा आणखी निराळा. साधं लाकडी म्यान दोन फाळ्यांचं असतं, ते भाताच्या खळीने चिकटवतात. म्हणजे आतून साफ करायला पुन्हा उकलता येतं.

आजींनी पातं बाहेर काढलं आणि वहिनीने मला खूण केली : बोलायचं नाही. थुंकीचा कण उडाला तरी गंज चढतो. बोट तर लावायचंच नाही. मऊ कागदाने जुनं तेल टिपलं, रेशमी पुरचुंडीतली दगडाची वस्त्रगाळ पूड पात्यावर हलकेच ठोकली, नव्या कागदाने पुसली. (या पुडीनेही बारीक ओरखडे पडतात, म्हणून आता काही जाणकार ती टाळतात.) शेवटी लवंगेचा वास असलेल्या तेलाचा अगदी पुसट हात. आपण दातदुखीला लावतो तोच वास!

मग त्यांनी मुठीतली बांबूची खुंटी काढली. मुठीच्या आतला भाग काळाकुट्ट गंजलेला. माझे हात शिवशिवले. न राहवून मी वहिनीला म्हटलं, “आजींना विचारा, हे घासून देऊ का? चिंचेने लख्ख निघेल.”

वहिनीने सांगताच आजींनी कट्यार चक्क मागे घेतली. तो गंज कधीच काढायचा नसतो. त्याच्या रंगावरून पात्याचं वय कळतं, आणि तिथेच लोहाराने आपलं नाव कोरलेलं असतं. गंज घासला की नावही जातं. आजींनी पातं उजेडाकडे तिरपं धरलं, तेव्हा दोन अक्षरं दिसली.

मला एकदम रडूच आलं. कारण सांगते. आई गेली त्या वर्षी दिवाळीत मी तिच्या रुखवतातला पितळी डबा पॉलिशला दिला होता. आला तो सोन्यासारखा झळझळीत, पण त्यावर ठोकलेलं तिचं नाव गुळगुळीत होऊन. आणि ते होतं माहेरचं नाव! लग्नात बदललेलं. आमच्या घरात ते दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नव्हतं. हे मी दादालाही कधी सांगितलं नव्हतं. वहिनीला सांगितलं, त्या परक्या घरात. तिने आजींना सांगितलं. आजी काही बोलल्या नाहीत. खुंटी बसवली, म्यान मिटलं आणि माझ्यापुढे चहा सरकवला.

घरी आल्यावर मी डबा खिडकीशी नेला. तसाच, तिरपा धरला. पहिलं अक्षर आणि त्यापुढचा काना दिसतो. बाकीचं नाही. रात्री दादाला फोन करून सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “अगं, मामाकडच्या तांब्यावर असेल. विचारून बघ.”