मोत्या आणि मोटार

वेल्ह्याहून भोरला माझी बदली झाली, तेव्हा सामानापेक्षा मोत्याचीच काळजी पडली. तोरण्याच्या पायथ्याशी कुणा मोटारवाल्याने त्याला उतरवून दिले होते. गाडी गेली त्या वाटेकडे तोंड करून तो तीन दिवस बसून होता. तेव्हापासून मोटारीचे दार वाजले, की स्वारी पलंगाखाली!

"राहू दे त्याला इथेच, शेजारी भाकरी घालतील," असे मी म्हणालो मात्र, सौ. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होते तिचे. त्याच्यावर तीच पाळी पुन्हा आणायची?

मग पाव्हलॉव्हसाहेबांना गुरू केले. १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या रशियन शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांना खाण्याच्या नुसत्या चाहुलीने लाळ सुटे. मोत्याच्या लेखी मोटार म्हणजे ताटातूट; ती भाकरी व्हायला हवी होती. इंजिन बंद, दारे सताड उघडी. तुकडा आधी चाकाजवळ, मग दारात, मग सीटवर. ओढाओढ मुळीच नाही. एकदा मी घाईने दार लावले, नि चार दिवसांची कमाई बुडाली!

निघताना त्याचे पोट रिकामे ठेवले. हलत्या गाडीत कुत्र्यांनाही मळमळते. नसरापूरपर्यंत तो थरथरत होता, कापूरहोळला सौ.च्या मांडीवर डोके टेकले.

भोरला दार उघडले, तर उतरेचना. मुले उतरली, सौ. उतरली, मी उतरलो. आम्हां सगळ्यांना त्याने एकदा नीट मोजून घेतले आणि मगच खाली पाय टाकला.