लेख लिहिला, आता जोडा

रहिमतपूर, शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५

भाऊबीज झाली, पाहुणे परतले. दुपारी मराठी विकिपीडियावरची नवी पाने चाळत बसलो. सुट्टीत लोकांना निवांतपणा मिळतो, त्यामुळे लेखही मन लावून लिहिलेले असतात. आपल्याच कोरेगाव तालुक्यातल्या एका गावावर कुणीतरी जीव ओतून लिहिले आहे. ग्रामदैवत, यात्रा, ओढा, पिके, सगळे आले आहे. फक्त विकिडेटाशी, म्हणजे सगळ्या भाषांतली पाने एकाच नोंदीला बांधणाऱ्या कोठाराशी, जोडणी नाही. त्या गावाचे पान दुसऱ्या भाषेत असले तरी तिथल्या वाचकाला इकडची वाट दिसणार नाही.

फिलिपिन्समधल्या सिबुआनो भाषेच्या विकिपीडियावर साठ लाखांहून जास्त लेख आहेत. त्यातले बहुतेक एका स्वीडिश माणसाच्या सांगकाम्याने (बॉटने) तयार केले. भूगोलाच्या तक्त्यांवरून त्याने गावेच्या गावे उभी केली. यंत्राने लिहिलेल्या चार ओळी जगाला सापडतात आणि गावात जन्म गेलेल्या माणसाचा लेख एकटा पडतो, हे मला सलते.

रविवार, २६ ऑक्टोबर

सकाळी निवृत्त गुरुजी आले. हल्लीच लिहू लागलेत. त्यांचा लेख आहे कुमठ्यावर. म्हटले, "गुरुजी, कुमठे कोणते?" "आपले. कोरेगाव तालुक्यातले." पण तासगाव तालुक्यातही कुमठे आहे. नुसते नाव पाहून जोडले तर साताऱ्याची माहिती सांगलीच्या गावाला चिकटायची.

महसूल खात्याला ही अडचण जुनीच. म्हणून तर आपल्या तालुक्यात अंबवडे संमत कोरेगाव आणि अंबवडे संमत वाघोली अशी नावे चालत आली. विकिडेटाचा क्रमांक म्हणजे सातबाऱ्यावरचा गट नंबर. नावे सारखी असोत की बदलोत, नोंद त्याच क्रमांकाने सापडते. महाराष्ट्राचा क्यू ११९१, मुंबईचा क्यू ११५६. गावाच्या नोंदीत २०११ च्या जनगणनेतला सहा आकडी क्रमांक असला की शंकाच उरत नाही.

गुरुजी सगळे मोबाइलवर लिहितात आणि तिथे "दुवे जोडा" दिसत नाही. पानाच्या तळाशी जाऊन डेस्कटॉप दृश्य उघडून दिले. "दुवे जोडा" दाबल्यावर छोटी चौकट आली. तिने आधी भाषा विचारली, मग त्या भाषेतल्या पानाचे नाव. त्याखाली आधीपासून जोडलेल्या पानांची यादी आली. तालुका, जिल्हा पडताळून गुरुजींनी होकार दिला. लेखाशेजारी दुसऱ्या भाषांची नावे उमटल्यावर म्हणाले, "एवढंच होतं होय? मग आधी कुणी सांगितलं का नाही?"

हा प्रश्न आम्हा जुन्या सदस्यांना आहे.

बुधवार, २९ ऑक्टोबर

२०१२ साली आजच्याच तारखेला विकिडेटा सुरू झाला. त्याआधी प्रत्येक लेखाच्या तळाशी सगळ्या भाषांचे आंतरविकी दुवे लिहावे लागत. एका भाषेत पानाचे नाव बदलले की बाकी साऱ्या भाषांत दुरुस्ती करत फिरायचे. सांगकाम्यांचा दिवस त्यातच जाई. आता एकच नोंद असते आणि सगळ्या भाषा तिच्याकडे बोट दाखवतात.

संध्याकाळी कॉलेजची एक मुलगी आली. तिला इथली रणदुल्लाखानाची कबर, मशीद आणि मशिदीच्या कारंज्याला पाणी चढवणारी हत्तीची मोट यांवर लिहायचे आहे. तिला सांगितले, "लेख झाला की आधी विकिडेटात शोध. मराठीत शोध, इंग्रजी स्पेलिंग बदलून शोध. नसेलच तर नवी नोंद कर." न शोधता केली की एकाच वास्तूच्या दोन नोंदी होतात आणि पुढे कुणाला तरी त्या एकत्र कराव्या लागतात. नव्या नोंदीत काय भरायचे तेही सांगितले: ही कसली वास्तू, कोणत्या गावात, अक्षांश-रेखांश, आणि संदर्भ.

मग वसंत कानेटकरांची नोंद उघडून दाखवली. कवी गिरीशांचे हे चिरंजीव जन्माने रहिमतपूरचे. "जन्मस्थान" या रकान्यात गावाची नोंद जोडलेली असेल, तर "रहिमतपुरात कोण जन्मले?" हा प्रश्न कोणत्याही भाषेतून विचारला तरी "रायगडाला जेव्हा जाग येते"चा नाटककार पुढे येतो. दोन ग्रंथांत दोन तारखा असतील तर दोन्ही ठेवता येतात, आपापल्या संदर्भासह. मुलगी खुर्ची ओढून पुढे सरकली.

रविवार, २ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

आठवडाभर मनात घोळणारे आज विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे सामायिक चर्चेच्या पानावर, मांडले. "कृपया लेख विकिडेटाशी जोडा" असा सरसकट साचा चर्चापानावर डकवला की नवा माणूस तो वाचून सोडून देतो. त्याला वाटते, हे तांत्रिक लोकांचे काम. सूचना लेख लिहिल्याबरोबर, ताज्या उत्साहात मिळायला हवी आणि त्याच लेखाबद्दल हवी. मी मसुदा दिला: "आपला लेख वाचला, यात्रेचा भाग फार आवडला. या गावाची विकिडेटातली नोंद अमुक क्रमांकाची दिसते. तालुका पडताळून आपणच जोडाल का? मोबाइलवर असे करा. अडले तर इथेच विचारा." नोंद शोधून देणे आपले काम, पण जोडू द्यायचे त्यालाच. एकदा स्वतः जोडले की पुढचा लेख तो न सांगता जोडतो.

आपल्याच जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला. त्याचा पहिला खंड १९७६ चा. त्यात नोंदीअखेर "पहा" म्हणून दुसऱ्या नोंदींची नावे येतात. संपादनातच ते धरलेले होते. स्वयंसेवकांच्या कोशातही तसेच धरले पाहिजे.

उद्यापासून सातारा आणि सांगलीतल्या गावांचे नवे लेख मी रोज बघणार आणि प्रत्येक लेखकाला नोंदीच्या क्रमांकासह निरोप देणार. गुरुजींनी तासगाव तालुका मागून घेतला आहे.