२४५.५०ची रेषा

पॅरिसच्या १९००च्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास ज्याँ-मार्क कोते आणि इतर फ्रेंच चित्रकारांनी इसवी सन २००० रंगवलं. पंख लावून उडणारे अग्निशामक, देवमाशाने ओढलेली पाण्याखालची बस. फरशी घासणारं विजेचं यंत्रही त्यात आहे. मात्र ते चालवायला मोलकरीणच उभी. यंत्र शंभर वर्षं पुढे गेलं, तिचं काम होतं तिथेच राहिलं.

भंडारा जिल्ह्याचं भविष्य रेखाटलं पाटबंधारे खात्याच्या आरेखकांनी. गोसीखुर्द धरण कागदावर आधी उभं राहिलं, पवनी तालुक्यात वैनगंगेवर नंतर.

आरेखकांचं हे काम फार निगुतीचं होतं. लेव्हल बुकातल्या नोंदी कागदावर उतरवायच्या, सारख्या उंचीचे बिंदू जोडत कंटूर काढायचा, मग ट्रेसिंग कागदावर रोट्रिंग पेनने शाई चढवायची. रेषा चुकली की अर्ध्या ब्लेडने शाई हलकेच खरवडायची आणि ती जागा नखाने घोटून गुळगुळीत करायची, नाहीतर पुढची रेषा फुटते. शेवटी त्या ट्रेसिंगचा, डोळ्यांतून पाणी काढणारा अमोनिया प्रिंट.

गोसीखुर्दची पूर्ण संचय पातळी २४५.५० मीटर. नकाशावर हा एक कंटूर. तो शेतांतून, पांदणींतून, गावांमधून जातो. गाव म्हणजे चार-दोन चौकोन आणि एक नाव. रेषेच्या आत आलं की बुडीत. आरेखकाचा हात मात्र शेतावर आणि घरावर सारखाच फिरतो, कारण अचूक रेषेसाठी तो तसाच फिरावा लागतो. या कसबातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच.

२२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. अंदाज ३७२ कोटींचा, स्वप्न अडीच लाख हेक्टर ओलिताचं. कागदावर काढलेले ३३ दरवाजे खरोखर उभे राहिले. पावसाळ्यात ते उघडतात तेव्हा नदीकाठ जागा राहतो. खर्चाचा अंदाज मात्र अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. नाग नदीतून येणारं नागपूरचं सांडपाणी, पुनर्वसनात गेलेली वर्षं, ढिवरांच्या जाळ्यात अडकणारी जलपर्णी दाखवणारी खूण नकाशाच्या सूचीत नव्हती. भविष्याचं चित्र काढणारा मापात बसेल तेवढंच काढतो, पॅरिसमध्येही आणि पवनीतही.

अमोनिया प्रिंट उजेडात फिके पडतात. बुडीत गावांची नावं ज्यांवर आहेत, ते जुने नकाशे खात्याने वेळीच स्कॅन करावेत आणि पवनीत, भंडाऱ्यात लोकांना पाहायला खुले ठेवावेत.